दुखणे सोसू नका, सिस्टरला सांगा

डॉक्टरांचा राउंड येतो तेव्हा पेशंट म्हणतो, "बरं आहे साहेब." रात्री दोन वाजता तोच आम्हाला हाक मारतो, "सिस्टर, सहन होत नाही." आम्ही परिचारिका हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. जन्मभर अंगमेहनत केलेली आपली माणसे मोठ्या डॉक्टरांपुढे बोलायला बिचकतात. सोसण्याची सवय इतकी जडलेली असते की, वेदनेवर औषध मागणे हा आपला हक्क आहे हेच त्यांना ठाऊक नसते.

कॅन्सरच्या बहुतेक वेदना आटोक्यात आणता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये त्यासाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखे औषध, तीव्र वेदनेला मॉर्फीन. मॉर्फीनची साधी गोळी घड्याळ पाहून साधारण दर चार तासांनी द्यायची असते, दुखण्याची वाट पाहायची नसते. तिने बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबत लागतेच. पण "नशा लागेल", "लवकर जाईल" या भीतीने घरचेच गोळ्या लपवून ठेवतात. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फीनने मरण जवळ येत नाही. त्रास कमी होऊन झोप लागते.

शून्य ते दहापैकी वेदना किती, हे विचारून आम्ही नोंद ठेवतो. जखमेची दुर्गंधी कमी करणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, कोरडे ओठ ओले करणे ही आमचीच कामे. शेवटच्या दिवसांत बळजबरीने भरवू नका, फक्त हात धरून बसा, हे नातेवाइकांना सांगणेही आमच्याच वाट्याला येते.

मात्र रात्री मात्रा कमी पडली तर आमचे हात बांधलेले असतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले होते. २०१४ मध्ये कायदा सुटसुटीत झाला, तरी लहान गावात ते आजही सहज मिळत नाही. युगांडात खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका मॉर्फीन लिहून देऊ शकतात. केरळने २००८ मध्ये धोरण केले आणि तिथे परिचारिका घरी जाऊन शुश्रूषा करतात. मग महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याला अशी एक प्रशिक्षित परिचारिका का नसावी? डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत मात्रा वाढवण्याचा अधिकार तिला का नसावा?

आपल्या विहारांत आरोग्य शिबिरे भरतात, बीपी-शुगर तपासली जाते. पुढच्या शिबिरात एक तास या विषयाला द्या. ग्रामीण रुग्णालयात मॉर्फीन मिळते का, ही चौकशी करा, नसेल तर लेखी अर्ज द्या. आणि घरात कुणी कण्हत असेल तर "सहन कर" म्हणू नका. वेदनेचा आकडा विचारा, वहीत लिहा आणि ती वही आमच्या हातात द्या.