बारभाईंचा बाँड

विनोद म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. रडवायला तयारी लागते. हसवायला काय, कोणी तरी केळीच्या सालीवरून घसरले की झाले, असा तो समज. हा समज किती महाग पडतो, याचा एक ठसठशीत दाखला १९६७ साली इंग्रजी पडद्यावर आला. चित्रपटाचे नाव ‘कॅसिनो रोयाल’. जेम्स बाँडच्या हेरकथांची टर उडवण्यासाठी काढलेला हा चित्रपट. नटनट्यांची यादी वाचली तर तोंडाला पाणी सुटावे आणि चित्रपट पाहिला तर तोंड कोरडे पडावे, अशी त्याची गत आहे.

मुळात ही इयान फ्लेमिंगची बाँडवरची पहिलीच कादंबरी, १९५३ सालची. तिचे चित्रपटाचे हक्क फ्लेमिंगने लवकर विकून टाकले. ग्रेगरी रॅटॉफ या निर्मात्याकडे ते गेले, आणि १९६० साली त्याच्या निधनानंतर चार्ल्स फेल्डमन याच्या हाती आले. दरम्यान १९६२ साली ‘डॉक्टर नो’ झळकला आणि शॉन कॉनरीचा बाँड घराघरांत पोहोचला. त्या चित्रपटांच्या निर्मात्यांशी फेल्डमनचे सूत काही जुळले नाही. खरा बाँड आपल्याला मिळत नाही, तर त्याची थट्टाच करू, असे त्याने ठरवले. म्हणजे विडंबनाचा जन्म झाला तो काही सांगायचे होते म्हणून नव्हे, व्यवहार फिसकटला म्हणून. इथेच पहिली पाल चुकचुकते.

तरीही सुरुवात आशेची आहे. डेव्हिड निव्हनने रंगवलेले सर जेम्स बाँड हे निवृत्त, सभ्य, जुन्या वळणाचे गृहस्थ. आपल्या नावावर धुडगूस घालणाऱ्या, यंत्रे आणि बायका यांच्यातच रमणाऱ्या नव्या हेराचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे. केवढी सुरेख कल्पना! एका पिढीच्या सभ्यतेने दुसऱ्या पिढीच्या उर्मटपणाकडे पाहावे, आणि आपण दोघांनाही हसावे. पण अर्ध्या तासात ही कल्पना कुठल्या कुठे वाहून जाते. शत्रूला गोंधळात टाकण्यासाठी सगळ्याच हेरांना ‘जेम्स बाँड’ म्हणायचे, असा हुकूम सुटतो, आणि शत्रूच्या आधी प्रेक्षक गोंधळतो.

याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. श्रेयनामावलीतच पाच दिग्दर्शक आहेत : जॉन ह्यूस्टन, केन ह्यूज, व्हॅल गेस्ट, रॉबर्ट पॅरिश आणि जो मॅकग्रा. लेखकांचे हात तर याहून अधिक. पीटर सेलर्स आणि ऑर्सन वेल्स या दोन बड्या नटांचे बिनसले, तेव्हा जुगाराच्या टेबलावर समोरासमोर बसायच्या या दोघांचे प्रसंग बरेचसे वेगवेगळे चित्रित करून जोडावे लागले. पुढे सेलर्सने काम अर्धवट टाकून रजा घेतली. मग फाटलेल्या जागी ठिगळे लावायचे काम व्हॅल गेस्टकडे आले. साठ लाख डॉलरचा अंदाज दुपटीच्या घरात गेला. आपण अशा प्रकाराला बारभाई कारभार म्हणतो. पण पुण्याच्या मूळच्या बारभाईंवर हा अन्याय आहे. राघोबादादांना गादीपासून दूर ठेवायचे, याबद्दल तरी त्यांचे एकमत होते! इथे कोणाला दूर ठेवायचे आणि कोणाला जवळ करायचे, हेच कोणी ठरवले नव्हते.

मला या चित्रपटाचा खरा राग येतो तो मात्र वेगळ्याच कारणासाठी. त्याने एक उत्तम गोष्ट फुकट घालवली. फ्लेमिंगच्या कादंबरीतला खलनायक ल शिफ्र हा जग जिंकायला निघालेला राक्षस नाही. तो आहे एक खजिनदार. सोव्हिएत गोटाच्या कामगार संघटनेचा पैसा त्याच्या ताब्यात असतो. तो पैसा तो एका बदनाम धंद्यात गुंतवतो, फ्रान्समध्ये कायदा बदलतो, धंदा बुडतो. हिशेब मागितला जाण्याआधी खड्डा बुजवायचा म्हणून तो जुगाराच्या टेबलावर बसतो. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली, त्याला हा माणूस परका वाटत नाही. ‘दोन दिवसांत परत ठेवतो’ म्हणून तिजोरीत हात घालणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. तो घाबरलेला असतो. आणि घाबरलेला माणूस तूट भरून काढण्यासाठी आणखी मोठी तूट करतो. फ्लेमिंगची ती पत्त्यांची रात्र रंगते ती याच भीतीमुळे. चित्रपटात ही भीती उरलीच नाही. वेल्सचा ल शिफ्र टेबलाशी बसून जादूचे प्रयोग करतो.

कोणी म्हणेल, अहो, ही थट्टा आहे. तिथे भीती कशाला हवी? मला वाटते, तिथेच ती अधिक हवी. विडंबन करायला मूळ वस्तू मनापासून ओळखावी लागते. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली, तेव्हा ज्या कवींची त्यांनी टोपी उडवली त्यांची वृत्ते आणि लकबी त्यांना पुऱ्या अवगत होत्या. म्हणूनच १९२५ सालचे ते पुस्तक टिकले. इंग्रजीतही दाखला आहे, आणि तोही याच सेलर्सचा. १९६४ साली स्टॅन्ली क्युब्रिकने ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ काढला. मूळ कादंबरी अणुयुद्धावरची, अगदी गंभीर. क्युब्रिकने तिचे प्रहसन केले. पण विमान, बॉम्ब, लष्करी हुकूम यांची साखळी कुठे तुटू दिली नाही. सेलर्सने तीन भूमिका केल्या आणि तिन्ही माणसे वाटली. हसता हसता पोटात गोळा येतो, तो त्या शिस्तीमुळे. तोच नट, तीनच वर्षांचे अंतर. फरक एवढाच, की तिथे एका माणसाला काय सांगायचे ते ठाऊक होते.

आणि सांगण्याजोगे काय कमी होते? १९५६ च्या सुएझ प्रकरणाने ब्रिटनची साम्राज्याची मिजास उतरली होती. १९६३ च्या जानेवारीत किम फिल्बी हा ब्रिटिश हेरखात्यातला मुरलेला अधिकारी मॉस्कोला पळाला. तो कित्येक वर्षे रशियासाठीच काम करत होता. असे असताना पडद्यावर मात्र एकटा इंग्रज हेर दर वर्षी जग वाचवत होता! या विसंगतीवर बोट ठेवण्याची केवढी संधी होती! सत्ताधीशांच्या फुशारकीला हसणे हे विनोदाचे जुने आणि मानाचे काम. हा चित्रपट ते करत नाही. साडेचार फुटांहून उंच पुरुष मारून टाकायचा वुडी ॲलनचा बेत घटकाभर हसवतो खरा. पण शेवटी जुगारघरात घोडेस्वार, इंडियन, सील मासा असे कोण कोण घुसते आणि स्फोटात सगळे जातात. गोष्ट संपवता आली नाही की स्फोट करावा, हा उपाय तेव्हापासून बराच लोकप्रिय आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चित्रपट बुडाला नाही. जगभर त्याने चार कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. बर्ट बॅकरॅकचे संगीत आजही कानाला गोड लागते, आणि डस्टी स्प्रिंगफील्डने गायलेल्या ‘द लुक ऑफ लव्ह’ला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. साठीच्या दशकाची ती रंगीबेरंगी मस्ती म्हणून त्याच्यावर प्रेम करणारेही आहेत. पण वसूल झालेले प्रत्येक कर्ज शहाणपणाने दिलेलेच असते असे नाही, हे बँकेतला शिपाईही सांगेल. गल्ला भरला तो बाँडच्या नावाच्या पतीवर. ती पत कमावली होती दुसऱ्यांनी.

गंमत पाहा, हीच कादंबरी २००६ साली पुन्हा पडद्यावर आली, डॅनियल क्रेगला घेऊन. तपशील बदलले, पत्त्यांचा खेळ बदलला. पण दुसऱ्याचा पैसा सट्ट्यात घालवून बसलेला आणि भीतीने घामाघूम झालेला ल शिफ्र परत आला, आणि प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. गोष्ट तिथेच होती. एकोणचाळीस वर्षे तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

हे सारे आज का सांगायचे? कारण ‘डोके घरी ठेवून पाहायचा सिनेमा’ ही शिफारस आता आपल्या घरातही सर्रास ऐकू येते. मुले म्हणतात, आजोबा, विनोदी आहे, तर्क शोधू नका. मी तर्क शोधत नाही, आदर शोधतो. माझे दोन तास, माझी हसण्याची तयारी आणि माझी बुद्धी यांच्याबद्दल थोडासा आदर. जो विदूषक आपल्या प्रेक्षकाला मूर्ख समजतो, त्याचे धोतर सुटले तरी हसू येत नाही, संकोच वाटतो. तिकीट काढताना डोके घरी ठेवू नये. हसायला तेच तर लागते.