पाण्याच्या सातबाऱ्यावर बोजा कुणाचा?

एकाधिकार खरेदी म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. 1972 साली योजना आली आणि तीसेक वर्षे आपण ती सोसली. घेणारा एकच. ग्रेडर ठरवील ती प्रत, कपात होईल ती होईल, चुकारे मिळतील तेव्हा मिळतील. आदिलाबादला भाव चढा असला तरी गाडी सीमेपार नेणे हा गुन्हा. दुसरे दार बंद केले की पहिल्या दारावरचा माणूस कसा वागतो, ते आपण पाहिले आहे.

आज त्याच रोगाची दुसरी तऱ्हा सांगायची आहे. कापसात घेणारा एकच होता. येथे विकणारा एकच आहे. माल आहे पाणी आणि गाव आहे लंडन. कोरडवाहू शेतकऱ्याला लंडनच्या नळाशी काय देणे-घेणे, असे बैठकीत कुणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर देऊ, पण आधी हकीकत ऐकावी.

1989 साली थॅचरबाईंच्या सरकारने इंग्लंड आणि वेल्समधली पाणीपुरवठ्याची दहाही सरकारी प्राधिकरणे विकायला काढली. विकण्याआधी त्यांच्यावरचे सुमारे 500 कोटी पौंडांचे कर्ज सरकारने माफ केले. शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचे नाव काढले की पतशिस्त बिघडते म्हणून ओरडणारी विद्वान मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. तेथे सातबारा कोरा करून मगच कंपन्यांच्या हाती दिला गेला.

एका घराला दोन कंपन्यांचे नळ येत नाहीत. तेव्हा गिऱ्हाईक नाडले जाऊ नये म्हणून ‘ऑफवॅट’ नावाचा नियामक नेमला. दर पाच वर्षांनी त्याने हिशेब पाहायचा आणि पाणीपट्टी किती घ्यावी ते ठरवून द्यायचे. सुरुवातीला काही चांगले झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. नळ आणि शुद्धीकरण केंद्रांवर पैसा लागला, पिण्याच्या पाण्याची प्रत सुधारली.

या कंपन्यांतली सर्वांत मोठी थेम्स वॉटर. लंडन आणि थेम्सच्या खोऱ्यातली दीड कोटीच्या वर माणसे तिच्या हवाली आहेत. 2006 साली मॅक्वायरी या ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेच्या पुढाकाराने गुंतवणूकदारांच्या एका गटाने ती सुमारे 800 कोटी पौंडांना घेतली. तेव्हा कंपनीवर सुमारे 340 कोटी पौंडांचे कर्ज होते. 2017 साली मॅक्वायरी आपला शेवटचा हिस्सा विकून बाहेर पडली, तेव्हा ते 1,000 कोटींच्या वर गेले होते. त्याच काळात मालकांनी 250 कोटी पौंडांहून अधिक लाभांश उचलला.

हे कसे घडते, ते आपल्या भाषेत सांगतो. एखाद्याने उसने पैसे आणून तुमची जमीन विकत घ्यावी, ते उसने त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढवावे, पीक निघाले की पैसा काढून घ्यावा आणि बांधबंदिस्ती पुढच्या मालकावर सोडून निघून जावे. लंडनला याहून वेगळे काही झाले नाही. खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग पुढे थेम्सच्याच माथी बसला.

मग नियामक काय करत होता? पाणीपट्टी ठरवताना तो कागदावरची एक आदर्श कंपनी धरून कर्ज-भांडवलाचे प्रमाण मोजत असे. खऱ्या कंपनीने खरोखर किती कर्ज काढावे, हा मालकांचा प्रश्न, असे त्याने धरले. भाव पाहिला, बोजा पाहिला नाही. फेरफार नोंदला जातो आहे आणि तलाठी दुसरीकडे बघतो आहे, अशातला हा प्रकार.

फळे कुणाला मिळाली ते पाहा. नदीत मैला सोडल्याबद्दल 2017 साली न्यायालयाने थेम्सला 2 कोटी 3 लाख पौंड दंड केला. 2023-24 मध्ये तिच्या फुटक्या नळांतून दररोज 50 कोटी लिटरहून अधिक पाणी वाया जात होते. मार्च 2024 मध्ये भागधारकांनी नवे पैसे घालायला नकार दिला आणि पुढच्याच महिन्यात वरच्या मालक कंपनीने कर्जाचा हप्ता बुडवला. डिसेंबर 2024 मध्ये नियामकाने थेम्सला 2030 पर्यंत पाणीपट्टी 35 टक्के वाढवायला परवानगी दिली. फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनी तगावी म्हणून 300 कोटी पौंडांपर्यंतच्या नव्या कर्जाला न्यायालयाने मान्यता दिली; व्याज पावणेदहा टक्के. मे 2025 मध्ये नियामकाने 12 कोटी 27 लाख पौंडांचा दंड ठोठावला. त्यातले 10 कोटी 45 लाख सांडपाण्याच्या कारभाराबद्दल आणि 1 कोटी 82 लाख नियमबाह्य लाभांशाबद्दल. जुलै 2025 मध्ये तेथील सरकारने हा नियामकच मोडीत काढण्याचे जाहीर केले. लाभांश घेऊन गेलेला गेला. बिल भरणारा तिथेच आहे, कारण त्याला दुसरा नळ नाही.

यावरून कुणी म्हणेल, बघा, खासगीकरणाचे हे फळ. सगळे सरकारकडेच हवे होते. आम्हाला ते मान्य नाही. एकाधिकार योजना सरकारचीच होती. वेल्समध्ये 2001 पासून पाण्याची कंपनी भागधारकांविना चालते, कुणी लाभांश घेत नाही. तरी गळतीचे चुकीचे आकडे दिल्याबद्दल 2024 साली तिला 4 कोटी पौंड मोजावे लागले. खासगी म्हटले की बाजार आला, असेही नाही. बाजार म्हणजे दुसरे दुकान. दुसरे दुकान निघूच शकत नाही, तेथे पाटी सरकारी असो की खासगी, हिशेब उघडा हवा आणि तो तपासणाऱ्यांत बिल भरणारा हवा.

आता आपल्या दारात येऊ. 2005 साली महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाण्याचा दर ठरवणे, हक्क ठरवून देणे आणि शेती, पिणे, कारखाने यांच्यात वाटप करणे ही कामे मंत्र्यांच्या हातून काढून स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेली, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात मंत्र्यांची समिती धरणांचे पाणी कारखान्यांकडे वळवतच राहिली. ऊर्ध्व वर्धेचे पाणी अमरावतीजवळच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून शेतकरी रस्त्यावर आले. 2011 साली कायदाच बदलला. क्षेत्रवार वाटपाचा अधिकार पुन्हा मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधीच्या निर्णयांनाही कायद्याचे कवच मिळाले. लंडनच्या नियामकाने डोळे मिटले होते; आपल्याकडे त्याचे हातच बांधले.

आणि कर्ज? 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले, 1997 साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ. कृष्णा खोऱ्याच्या महामंडळाने बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला. हमी राज्य सरकारची. ज्याच्या शेतात आजवर पाट आला नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याचाही अंगठा त्या हमीवर आहे. लंडनशी आपले देणे-घेणे आहे ते हे. पाणी दुसऱ्याच्या शिवारात, बोजा आपल्याही सातबाऱ्यावर.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडावेत, असे आम्ही सुचवतो. पहिला, प्रत्येक प्रकल्पात पाणी किती साठले, कुणाला किती दिले आणि वाटेत किती जिरले, याचा मराठीतला हिशेब दरवर्षी लाभक्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. दुसरा, प्रत्येक पाटबंधारे महामंडळावर कर्ज किती, व्याज काय आणि ते फेडते कोण, हे जाहीर व्हावे. तिसरा, शेतीचे पाणी दुसरीकडे वळवायचे तर त्याच तालुक्यात उघडी सुनावणी व्हावी आणि निर्णय प्राधिकरणाने द्यावा, मंत्र्यांनी नव्हे. दर ठरवण्याआधी प्राधिकरणाला लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्या सुनावणीला कारखान्यांचे वकील हजर असतात. आपणही कागद घेऊन जावे.

ज्वारी हुरड्यात आली की आपण मचाणावर राखणदार बसवतो. तरीही रात्री एकदा कंदील घेऊन बांधावरून फेरी मारतोच. राखणदारावर अविश्वास असतो म्हणून नव्हे. पीक आपले असते म्हणून.