कणीचा मान

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कणीचा भात कोणाच्या पानात पडतो? खरं सांगा हं! आमच्याकडे भात भरडून आला की अख्खा तांदूळ पाहुण्यांना नि मुलांना, कणी सासूबाईंची. पेज करून घ्यायच्या, तीही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

परवा वर्गात आफ्रिका शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "बाई, तिकडे भात खातात का हो?" उत्तर येईना. घरी येऊन शोधलं, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचा 'चेबू जेन' हा मासे-भात सापडला. २०२१ साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणि तो कशाचा करतात? चक्क कणीचा! फ्रेंचांच्या राजवटीत तिकडे भुईमूग पिकवून परदेशी पाठवत, आणि इंडोचायनातून तुकडा तांदूळ येई. तोच लोकांच्या जिभेवर बसला. याचा भाऊबंद म्हणजे नायजेरिया-घानाचा 'जोलोफ'. तो मात्र अख्ख्या तांदळाचा.

आपल्या साजगावात साहित्याची अडचण नाही. कार्तिकी यात्रेतली सुकी मासळी डब्यात असतेच.

साहित्य : २ वाट्या कणी, सुरमईचे ४ जाड तुकडे, २ सुके बोंबील, २ कांदे, ४ लाल टोमॅटो, २ सुक्या मिरच्या, गाजर, वांगं, कोबी, रताळं, पाव वाटी शेंगतेल, लिंबू. सारणाला कोथिंबीर, लसूण, हिरवी मिरची, मिरे, मीठ.

कृती : सारण वाटून माशाला चिरा देऊन भरावं. तेलात मासे हलके तळून काढावेत. त्याच तेलात कांदा परतून टोमॅटो-मिरचीचं वाटण घालावं. तेल सुटेपर्यंत परतावं. घाई केलीत तर कच्चा वास राहतो. ६ वाट्या पाणी, धुतलेले बोंबील आणि भाज्यांच्या मोठ्या फोडी घालाव्यात. मीठ बेतानं, बोंबील खारट असतात. भाज्या शिजत आल्या की मासे सोडून ८-१० मिनिटं ठेवावेत. मग मासे-भाज्या काढून घ्याव्यात.

तोवर धुऊन निथळलेली कणी मोदकपात्रात ओल्या फडक्यावर १० मिनिटं वाफवावी. पातेल्यात अडीच वाट्या रस्सा ठेवून (उरलेला वाढायला) कणी घालावी. झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं. मध्ये ढवळू नये, गिचका होतो. तळाला धरलेली खरवड टाकू नका. तिकडे तिच्यासाठी भांडणं होतात म्हणे!

सेनेगलमध्ये एकाच मोठ्या ताटाभोवती सगळे बसतात. आम्हीही परात मांडली. सासूबाई नेहमीप्रमाणे, "तुमचं होऊ द्या, मी मागून बसते," म्हणाल्या. मी हात धरून बसवलं. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "कणी आहे होय गं? गरम खाल्ली की बरी लागते."

इतकी वर्षं त्या गार पेज घेत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

करून पाहा. आणि परातीभोवती कोण बसलेलं नाही, तेही पाहा.