त्वचेच्या वाटेनें औषध

गुडघे धरले कीं घरांतील वडील माणसें वेदनाशामक गोळीचा आश्रय करतात. गोळीनें ठणका थांबतो खरा. परंतु ती पोटांतून रक्तांत व रक्तांतून सर्वांगांत जाते, आणि दीर्घकाळ घेतल्यास जठरास व्रण पडण्याचें व मूत्रपिंडांस इजा होण्याचें भय असतें. दुखतें तेथेंच औषध पोहोंचवावें, हा जेलचा हेतु आहे.

परंतु त्वचा ही कांहीं उघडी वाट नव्हे. तिचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणीं केसाहूनही पातळ. तरी बाहेरचें आंत येऊं न देणें हेंच त्याचें काम. ज्याचा रेणुभार ५०० च्या आंत आहे, असेंच द्रव्य त्यांतून सहसा जाऊं शकतें. स्वित्झर्लंडांत शोधलेल्या डायक्लोफेनॅकचा रेणुभार सुमारें २९६ आहे. तेवढ्यानेंही भागत नाहीं. म्हणून पाणी, मद्यार्क इत्यादींच्या मिश्रणांत तें विरघळवून त्यास दाटपणा आणतात. मद्यार्क उडून जातो, उरलेल्या थरांत औषधाचें प्रमाण वाढतें व तें आंत शिरूं लागतें. किती शिरलें, हें पाहण्यासाठीं प्रयोगशाळेंत त्वचेचा तुकडा दोन कप्प्यांमध्यें बसवितात. वर जेल, खालीं द्रव. ठराविक वेळानें खालच्या द्रवांतील औषध मोजतात.

अमेरिकेंत २००७ सालीं मान्यता मिळालेलें एक टक्क्याचें जेल एका गुडघ्यास रोज १६ ग्रॅम लाविलें, तर गोळीच्या मानानें सुमारें ६ टक्केच औषध रक्तांत जातें. हा मोठाच लाभ होय. गुण मात्र बेताचा आहे. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षणांत डायक्लोफेनॅक वा कीटोप्रोफेन लावणाऱ्या शंभर संधिवातग्रस्तांपैकीं सुमारें ६० जणांचें दुखणें सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी झालें. परंतु औषधाविना जेल लावणाऱ्यांतही असे ५० निघाले.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच. पुदिन्याच्या अर्काचा थंडावा म्हणजे औषधाचा गुण नव्हे. गुण येण्यास आठवडाही लागतो. जखमेवर तें लावूं नये. वडिलांच्या उशाशीं जेलची नळी खुशाल असावी. तिच्या जोडीला गोळी मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून नसावी.