ताडपत्रीनंतर काय?

पावसाळ्यात ताडपत्री आणि थंडीत पांघरुणे घेऊन मुंबईच्या पदपथांवर रात्री फिरणारे तरुणांचे गट हा आता अपरिचित प्रकार राहिलेला नाही. चळवळीतील अनेक कार्यकर्ते त्याला निव्वळ भूतदया म्हणून नाक मुरडतात. ही उपेक्षा योग्य नव्हे. भिजणाऱ्या मुलाला आडोसा त्याच रात्री हवा असतो. व्यवस्था बदलेपर्यंत त्याला थांबता येत नाही. खरा प्रश्न एवढाच की, ताडपत्री दिल्यावर तरुण तेथेच थांबणार की पुढे जाणार?

पदपथावर झोपणारा तो आळशी वा भिकारी, ही सुखवस्तू समजूत साध्या हिशेबापुढे टिकत नाही. बाजारातील हमाल, हातगाडी ओढणारा, नाक्यावरचा बिगारी, कचरा वेचणारी स्त्री यांचे काम पहाटे सुरू होते आणि ते रोज मिळेलच याची शाश्वती नसते. दूरच्या उपनगरातील खोलीचे भाडे, अनामत व प्रवासखर्च त्या मजुरीतून निघत नाही. कामाजवळचा पदपथ तेवढा परवडतो. शहर श्रम विकत घेते, परंतु श्रमिकाच्या निवाऱ्याचा खर्च मजुरीत धरीत नाही.

१९८१ च्या पावसाळ्यात राज्य सरकारने पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम काढली. त्यातून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. मात्र पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही उचलून धरला. पर्यायी जागा मिळावी असे न्यायालयाने म्हटले, ते १९७६ च्या गणतीत नोंद झालेल्यांविषयी. अर्थ स्पष्ट आहे: ज्यांची नोंद होती त्यांचा दावा उभा राहिला, ज्यांची नव्हती त्यांच्या वाट्याला तत्त्व तेवढे आले.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा निकष घातला. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. ही संख्या मुंबईने कधीही गाठलेली नाही. त्याच जनगणनेत शहरातील बेघर सुमारे ५७ हजार भरले. परंतु ही गणती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकलेली. त्या रात्री जो कामावर होता, तो गणतीतून निसटला असणार.

येथेच तरुणांच्या रात्रफेरीचे मोल कळते. कोण कोठे झोपतो, कोणते काम करतो, हे त्यांच्याइतके कोणत्याही कचेरीला ठाऊक नसते. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बेघराला निवासाचा कागदोपत्री पुरावा लागत नाही; अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तेथे झोपतो याची खात्री करावयाची असते. त्या अधिकाऱ्याला पदपथापर्यंत आणणे, शिधापत्रिकेचे अर्ज भरून घेणे, वॉर्डवार यादी करून निवाऱ्यांची मागणी महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी रेटणे, ही कामे ताडपत्री वाटण्याइतकीच रात्री जागवणारी आहेत.

पक्षकार्यकर्त्यांनी या तरुणांना उपदेश करण्यापेक्षा त्यांच्याबरोबर फिरावे. बेघराला दार नसते, म्हणून मते मागायलाही कोणी त्याच्याकडे जात नाही. मतदारयादीत त्याचे नाव लागेल, तेव्हा उमेदवारांना पदपथावर यावेच लागेल.