कायद्याचे सोवळे

हिटलर बंड करून आला नाही, लोकांनी निवडून दिला, संसदेने अधिकार दिले, सगळे कायद्याने झाले, असे आपल्याकडे लोकशाहीचे निंदकही म्हणतात आणि कैवारीही. निंदकाला त्यातून लोकशाही कुचकामी ठरवायची असते, कैवाऱ्याला मतदाराला बोल लावायचा असतो. दोघांचे काम भागते, म्हणून विधान तपासण्याच्या फंदात कोणी पडत नाही. ते निम्मेच खरे आहे. हिटलर दारातून आत आला, भिंत फोडून नाही, एवढे मान्य. पण आत आल्यावर त्याने केले ते कायद्याने केले नाही. कायद्याने केल्यासारखे दिसेल अशी काळजी घेतली. त्याची सत्ता पक्की झाली ती या दिसण्याच्या जोरावर.

आधी ‘निवडून आला’ हे पाहू. जुलै 1932 मध्ये नाझी पक्षाला 37.3 टक्के मते होती; नोव्हेंबरात ती 33.1 वर घसरली. म्हणजे पक्ष उतरणीला लागला असताना, 30 जानेवारी 1933 रोजी, अध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमले. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच. उपचॅन्सेलर पापेन आणि त्यांची मंडळी ही डोकी मोजून निर्धास्त राहिली. खाती मोजायला मात्र विसरली. त्या तिघांतल्या गोअरिंगच्या हाती प्रशियाचे गृहखाते, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याचे पोलीस आले होते. फेब्रुवारीत त्याने सुमारे 50,000 जणांना, त्यांत बहुतेक नाझी पक्षाचेच गणवेशधारी, सहायक पोलीस म्हणून उभे केले. कालचा गुंड आज दंडाला पट्टी बांधून सरकारी झाला. 27 तारखेच्या रात्री राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी राज्यघटनेच्या आणीबाणीविषयक कलम 48 खाली वटहुकूम निघाला: व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, सभा, वृत्तपत्रे, टपालाची गुप्तता, सगळे ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित. कम्युनिस्ट पुढारी तुरुंगात किंवा भूमिगत असताना 5 मार्चला मतदान झाले, आणि तरीही नाझींना 43.9 टक्केच मिळाले. लोकांनी सत्ता दिली म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांआड करू नये.

आता पूर्वपक्षाचा बळकट मुद्दा. 23 मार्चला, सरकारला संसदेविना कायदे करू देणारा विशेषाधिकार कायदा 444 विरुद्ध 94 मतांनी संमत झाला. सभागृह 647 चे. घटनाबदलाला लागणारे त्याचे दोनतृतीयांश 432. म्हणजे सर्व सदस्य हजर असते तरी 444 पुरेसे होते, मग बेकायदा काय? आकडेमोड बरोबर आहे. पण नाझी आणि त्यांचे मित्र मिळून होते 340. उरलेली मते आली कुठून? कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने आणि इतर मधल्या पक्षांनी ती दिली. दिली तेव्हा 81 कम्युनिस्टांना सभागृहात प्रवेश नव्हता, समाजवाद्यांपैकी 26 जण अटकेत किंवा परागंदा होते आणि सभागृहात नाझींच्या गणवेशधारी वादळी दलाचे लोक उभे होते. सेंटर पक्षाचे नेते कास यांना हिटलरच्या लेखी हमीचे आश्वासन मिळाले होते. ते पत्र शेवटपर्यंत आले नाही. अशा मताला मत म्हणावे का, यावर वाद होईल. तो सोडून देऊ आणि कायदा वैध होता असेच धरू. मग त्याच्याच दुसऱ्या कलमाचे काय? राइशस्टाग आणि राज्यांचे सभागृह राइशस्राट या संस्थांना हात लागणार नाही, अध्यक्षांचे अधिकार अबाधित राहतील, असे त्यात लिहिले होते. फेब्रुवारी 1934 मध्ये राइशस्राट बरखास्त झाले. ऑगस्टात, हिंडेनबर्ग अंथरुणावर असतानाच, अध्यक्षपद चॅन्सेलरपदात विलीन करणारा कायदा निघाला. स्वतःच्या कायद्याशीही जो इमान राखत नाही, त्याला ‘कायदेशीर’ म्हणण्यासाठी फार मोठी उदारता लागते.

मग एवढा कागद कशाला? कागद जनतेसाठी नव्हता, कचेरीसाठी होता. न्यायाधीश, जिल्हाधिकारी, हवालदार, कारकून यांतले बहुसंख्य नाझी नव्हते. त्यांना हुकूम पाळायला शाईचा आधार हवा होता. 30 जून 1934 रोजी हिटलरने वादळी दलाचे पुढारी आणि इतर विरोधक मारवले, त्या हत्याकांडानंतर 3 जुलैला एका कलमाचा कायदा काढून त्या खुनांना राज्याचा स्वसंरक्षणाचा हक्क ठरवले गेले, ते याच गिऱ्हाइकासाठी. जिथे कागद पुरला नाही तिथे दुकानच बदलले: डिसेंबर 1933 मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने राइशस्टागच्या जाळपोळीच्या खटल्यात पाचपैकी चार आरोपींना सोडले, आणि पुढच्या एप्रिलात राजद्रोहासाठी वेगळे ‘लोकन्यायालय’ उभे राहिले.

दोष कलम 48 चाच होता, असेही म्हणतात. आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदींवर बोलताना ह. वि. कामत यांनी 1949 मध्ये याच जर्मन उदाहरणाचा इशारा दिला होता, आणि तो फुकाचा नव्हता. पण हेच कलम हिंडेनबर्ग यांच्या आधीचे अध्यक्ष एबर्ट यांनी शंभराहून अधिक वेळा वापरले आणि प्रजासत्ताक टिकले. त्याच कलमात राइशस्टागला असे हुकूम रद्द करायला लावण्याचा अधिकारही होता. 28 फेब्रुवारीला मात्र तो वापरायला राइशस्टाग जागेवर नव्हती. हिटलरच्या मागणीवरून हिंडेनबर्ग यांनी ती 1 तारखेलाच विसर्जित केली होती. कलमापेक्षा ते बजावणाऱ्या आणि मुकाट्याने पाळणाऱ्या हातांचा हिशोब आधी मागायला हवा. हे कलम असलेली वायमारची राज्यघटना हिटलरने औपचारिकरीत्या कधीच रद्द केली नाही, आणि तो ‘पुढील आदेश’ 1945 पर्यंत निघाला नाही.