रात्रीची पाळी आणि देहांतील घड्याळ

कृषिपंपांना वीज दिवसां मिळावी, ही मागणी आपण शेतकरी बरींच वर्षें करीत आहों. तिच्या पुष्ट्यर्थ साप, बिबट्या व अंधारांतील अपघात हीं कारणें आपण मांडतों. तीं खरीं आहेत. मण्यार रात्रींच हिंडते, हें कोणास सांगावयास नको. परंतु आणखी एक कारण आहे. त्याचा उच्चार आपल्या सभांतून सहसा ऐकूं येत नाहीं.

इ. स. १७२९ सालीं द मेरां या फ्रेंच ज्योतिर्विदानें लाजाळूच्या जातीचें एक झाड अंधारांत ठेविलें. सूर्य दिसत नसतांही त्याचीं पानें दिवसां उघडत व रात्रीं मिटत राहिलीं. म्हणजे वेळेचें ज्ञान झाडाच्या आंतच होतें. असें घड्याळ मनुष्यांतही आहे. फळमाशीच्या पेशींत तें कसें चालतें हें उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या घड्याळाचें मुख्य ठाणें मेंदूंत आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून तें रोज वेळ जुळवितें आणि यकृत, आंतडीं, हृदय यांस काम व विश्रांति यांचा इशारा देतें. पहांटेपूर्वीं देहाची उष्णता सर्वांत कमी होते. त्याच सुमारास डुलकी लागते व हात चुकतो. मध्यरात्रीं खाल्लेल्या भाकरीची साखर दिवसापेक्षां रक्तांत अधिक वेळ रेंगाळते.

वास्तविक उजेडाचें हें गणित आपणांस नवें नाहीं. हिंवाळ्यांतही कोंबडीनें अंडीं द्यावींत म्हणून खुराड्यांत दिवा लावून आपण तिचा दिवस चौदा-सोळा तासांचा करतों. शेवंती अवेळीं फुलूं नये म्हणून बागाईतदार रात्रीं वाफ्यांवर दिवे लावितात. कोंबडीच्या व शेवंतीच्या रात्रीचा एवढा हिशेब ठेवणारा मनुष्य स्वतःची रात्र मात्र हिशेबांत धरीत नाहीं!

महाराष्ट्रांत पंपांची वीज पुष्कळ ठिकाणीं आळीपाळीनें मिळत आली आहे: दिवसां आठ तास, नाहीं तर रात्रीं दहा तास. कोठें आठवड्यानें, कोठें त्याहूनही लवकर ही पाळी पालटते. देहाचें घड्याळ दिवसाला सुमारें तासभरच सरकूं शकतें. तें रात्रीच्या कामास कसेंबसें जुळूं लागावें, तोंच दिवसाची पाळी यावी, अशी ही स्थिति आहे. दारें धरणारा मनुष्य त्यामुळें धड दिवसाचाही राहत नाहीं व रात्रीचाही होत नाहीं. दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृद्रोग अधिक आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००७ सालीं, व पुनः २०१९ सालीं, रात्रपाळीची गणना 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गांत केली. हा पुरावा मुख्यतः परिचारिका व कामगार यांच्या पाळ्यांवरून मिळालेला आहे, हें मान्य. पण शेतकऱ्याचा देह कांहीं निराळ्या मातीचा नव्हे.

कोणी म्हणेल, आमचे वडील माळ्यावर जागून राखण करीतच होते. करीत होते, परंतु तें कणसें भरल्यापासून खळें होईपर्यंत. मोटही पहांटे जुंपीत, पण मोटकरी सांजावतांच निजलेला असे. रात्रीं बाष्प कमी होऊन पाणी वांचतें, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यास उत्तर ठिबक सिंचनाचें आहे, मनुष्याच्या जागरणाचें नव्हे.

दिवसां वीज देण्याकरितांच राज्यांत २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ती आपल्या वाहिनीवर येईपर्यंत रात्रीं पाण्यावर जाणाऱ्यानें जेवण निघण्यापूर्वींच उरकावें, परतल्यावर अंधाऱ्या खोलींत सलग निजावें, आणि साखरेचा वा रक्तदाबाचा विकार असल्यास आपल्या पाळ्या वैद्यास अवश्य सांगाव्या. घरांतल्यांनींही त्यास दहा वाजतां किरकोळ कामासाठीं उठवूं नये. आणि मंडळाचा पुढील अर्ज लिहिला जाईल तेव्हां त्यांत साप व बिबट्या यांच्या जोडीस निद्रेचेंही कलम असावें, अशी माझी सूचना आहे.